लेलंडच्या अकरा ओळी

सॉल्टर्स वेल, नेवाडा
२७ एप्रिल १९९७

प्रिय वांडा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ॲरिझोनात एप्रिलमध्येच लोक सावली शोधत फिरतात हे वाचून वाईट वाटलं. इकडे परवा गारा पडल्या.

पत्र लिहितोय ते भाऊ म्हणून नाही, क्लबचा चिटणीस म्हणून. काल बैठक झाली. पाच जण हजर, त्यातले दोघं कॉफीसाठी. सप्टेंबरमधल्या कामगार दिनाच्या सुट्टीतली आपली पिस्तूल उपसण्याची वार्षिक स्पर्धा यंदापासून लेलंडच्या नावाने भरवावी असा ठराव मी मांडला आणि तो एकमताने पास झाला. हॉइट प्रुइटने (हो, अजून न्हावीच आहे, आणि अजून कानामागे कापतोच) एवढंच विचारलं की नाव 'लेलंड' लावायचं की 'दगड'. रेंजवर कुणालाही खऱ्या नावाने हाक मारायची नाही, टोपणनावच घ्यायचं, हा आपला पहिला नियम. मी म्हटलं, माणूस मेल्यावर त्याला खरं नाव परत मिळतं. असं नियमावलीत कुठेही नाही, पण कोणी उघडून बघितली नाही.

तुझा नवरा लेलंड आणि मी नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो हे गावाला ठाऊक आहे. म्हणूनच ठराव मी मांडला. डेल्बर्ट कोत्या मनाचा आहे असं कोणी म्हणायला नको. शेडमधली विजेत्यांची पाटीही मीच उतरवून धुतली आणि अक्षरांवरून पुन्हा रंग फिरवला. बारा वर्षांच्या बारा ओळी, अकरा त्याच्या, १९८८ ची माझी. सगळ्यात वर त्याचा विक्रम, ०.३८८ सेकंद. त्यालाही रंग दिला.

आता मूळ मुद्दा. तू मार्चमध्ये मुलीकडे राहायला गेलीस तेव्हापासून आमचा सगळा क्लब मंदावलाय. दिव्याच्या बटणावर तुझ्या जागी मी पोस्टातल्या मिसेस ऑटना बसवलंय. बाई नेमस्त आहेत, बटण वेळेवर दाबतात. तरी हॉइट, जो पंचेचाळीस शतांशात पिस्तूल उपसून ताटली वाजवायचा, तो त्रेसष्टवर आलाय. माझं विचारू नकोस. मेणाच्या गोळ्यांचा नवा ठोकळा आणून बघितला, काडतुसाच्या बुडच्या टिकल्या बदलल्या, दिव्याची तार नवी टाकली. एकवीस फुटांवर ताटली, तिच्या मधोमध दिवा, दिवा लागला की उपसायचं आणि मारायचं. यात मंदावायला जागाच कुठे आहे?

यंदा ब्रॅकेटचा क्लब येणार आहे. त्यांची म्होरकी ती औषधांच्या दुकानातली पोरगी, टोपणनाव 'कडू गोळी'. तिच्यासमोर आम्ही असे उघडे पडलो तर लेलंडच्या नावाने भरवलेली स्पर्धा म्हणजे त्याच्या नावाचा तमाशा होईल. तेव्हा बटण दाबताना तू नेमकं काय करायचीस ते सविस्तर कळव.

तुझा भाऊ,
डेल्बर्ट
(चिटणीस)


यूमा, ॲरिझोना
५ मे १९९७

प्रिय डेल्बर्ट,

काय करायची म्हणजे? बसायची. कोणी खोकत नाहीये ना ते बघायची. तू 'तयार' म्हणून हात वर केलास की मनात कधी दोन, कधी पाच आकडे मोजायची आणि बटण दाबायची. त्यात काय सोनं विकायचंय? तुम्ही मंदावलात कारण तुम्ही म्हातारे झालात. तू अडुसष्टचा, हॉइट तुझ्याहून मोठा. पोस्टातल्या बाईला कशाला दोष देतोस.

नऊ वर्षांचं म्हणशील तर लेलंडचं म्हणणं असं होतं की बोलणं तू टाकलंस. मी दोघांच्या मध्ये बसून रविवारचं जेवण वाढलंय, मला विचार. एक जण बटाट्याकडे बघून बोलायचा, दुसरा बोलायचाच नाही.

इथे ठीक आहे. डार्लाच्या घरातल्या खुर्च्या इतक्या मऊ की बसलं की उठवायला माणूस लागतं. एकसष्टाव्या वर्षी मी गाडी शिकतेय. एक्केचाळीस वर्षं लेलंडने मला चाकाला हात लावू दिला नाही. चालवणार तोच, आणि मी आपली त्याच्या उजव्या हाताला. आता मी डावीकडे बसते, तर सगळा रस्ताच उलटा झाल्यासारखा वाटतो. काल एका टपालपेटीला धक्का दिला. पेटी वाचली.

मिसेस ऑटना कशावर बसवलंस? माझं स्टूल माझ्याच गॅरेजमध्ये आहे, किल्ली तुझ्याकडे आहे. हवं तर ने, पण स्पर्धा झाली की परत जागेवर ठेव. ते लेलंडने केलेलं आहे.

वांडा


सॉल्टर्स वेल
९ जून १९९७

प्रिय वांडा,

बातम्या दोन आहेत. क्रमाने लिहितो.

तुझं स्टूल आणलं. मिसेस ऑट आतापर्यंत प्लास्टिकच्या बागेतल्या खुर्चीवर बसत होत्या, त्यांना स्टूल उंच पडतं पण त्या तक्रार करणाऱ्यातल्या नाहीत. त्याच शनिवारी हॉइट सेहेचाळीसवर आला. मी एकोणपन्नासवर. सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. मी त्याच दिवशी बैठकीच्या वहीत लिहिलं: 'क्लबचा हात परत आला.'

दुसरी बातमी अशी की हात आला नव्हता.

गेल्या शनिवारी कडू गोळी नियम ठरवायला ब्रॅकेटहून आली. चाळीस मैल गाडी चालवून आलेली, म्हणून तिला कॉफी दिली. ती मागच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून बसली. मला वाटलं डुलकी लागली. आमच्या सहा फेऱ्या झाल्या आणि ती तशीच, टोपी न उचलता म्हणाली, "काका, तुमचं स्टूल आधी बोलतं, मग दिवा लागतो."

मी म्हटलं, "पोरी, इथे काका कोणी नाही. मी तोफखाना." ती म्हणाली, "बरं, तोफखाना काका. बटण दाबायला बाई पुढे झुकतात. झुकल्या की स्टूल कुरकुरतं. कुरकुरलं की तुमच्या सगळ्यांचे खांदे हलतात. पिस्तुलाला हात नाही लागत, म्हणून नियम मोडत नाही. पण दिवा लागायच्या आधीच तुम्ही निम्मे निघालेले असता."

मी म्हटलं हे शक्य नाही. मग मी त्या बाकावर डोळे मिटून बसलो आणि दिवा लागला की हात वर करायचा असं ठरवलं. सातपैकी सात वेळा बरोबर. डोळे मिटून, वांडा. इतकी वर्षं मला वाटत होतं की दिवा लागणार हे मला आतून कळतं. हॉइटच्या दुकानात बसून मी लोकांना सांगितलंय की हे जन्मजात असतं, शिकवून येत नाही.

हॉइटला बाजूला घेऊन विचारलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, "मला वाटायचं फक्त मलाच ऐकू येतं." बाकीच्या तिघांना विचारलं. तिघंही तेच म्हणाले, अगदी त्याच शब्दांत. म्हणजे पाच माणसं बारा वर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती.

आता यातून जे निघतं ते निघतं. तू बारा वर्षं त्याच स्टुलावर बसलीस. म्हणजे आमचे आकडे खोटे, आणि पाटीवरचे लेलंडचेही. मीच धुऊन रंगवलेली पाटी मीच खरवडणार. लेलंडच्या अकरा, माझी एक, आणि वरचा विक्रम. स्पर्धा त्याच्या नावाने होईल, पण खोट्या आकड्याखाली नाही. मला यात आनंद नाही. न्याय म्हणजे न्याय.

डेल्बर्ट


यूमा
१४ जून

डेल्बर्ट,

पाटीला हात लावू नकोस. त्याच्या ओळींना तर नाहीच नाही.

कारण विचारू नकोस. मी तुझी बहीण आहे, एवढं कारण पुरे.

वांडा


सॉल्टर्स वेल
२४ जून १९९७

प्रिय वांडा,

तू माझी बहीण आहेस हे कारण नियमावलीत बसत नाही. मी उघडून बघितलं.

लोक काय म्हणतील ते मला कळतं. म्हणतील, जिवंतपणी हरवता आलं नाही, म्हणून मेल्यावर डेल्बर्टने सूड घेतला. म्हणू देत. अकरा वेळा अंतिम फेरीत मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि अकरा वेळा हरलो. कुरकूर मलाही ऐकू येत होती आणि त्यालाही. म्हणजे तो माझ्याहून चपळ होता हे मी आजही मान्य करतो, कोऱ्या कागदावर सही करून देतो. पण ०.३८८ हा आकडा खरा आहे असं त्यातून निघत नाही. उद्या कडू गोळी विचारेल की हा आकडा स्टुलाचा की माणसाचा, तर मी काय तोंड दाखवू?

आणि माणूस म्हणून त्याने माझं मन इतकं सांभाळलं नव्हतं की मी त्याच्यासाठी खोटं लिहावं. त्याचं टोपणनाव उगीच 'दगड' पडलं नाही. आपण काही बोलावं आणि त्याने मानही वळवू नये, हे मी सोसलंय. कधी ते सांगत बसत नाही.

कारण असेल तर लिही. नसेल तर ४ जुलैची मिरवणूक संपली की मी खरवडणी घेऊन शिडीवर चढतो.

डेल्बर्ट


यूमा
२८ जून १९९७

डेल्बर्ट,

तू हट्टी आहेस. आपला बाप तसाच होता आणि तो शिडीवरूनच पडला होता.

मी लेलंडला शब्द दिला होता की हे कोणालाही सांगणार नाही. एक्केचाळीस वर्षांत मी त्याला दिलेला एकही शब्द मोडला नाही. आज मोडतेय तो तुझ्या शिडीमुळे. खाली बस आणि मग वाच.

लेलंड बहिरा होता.

खाणीत सुरुंग लावायचं काम त्याने वीस वर्षं केलं. ७९ मध्ये एक सुरुंग लवकर उडाला. वरून माणूस धडधाकट दिसत होता, पण डावा कान पूर्ण गेला. उजव्या कानाशी तोंड नेऊन बोललं तर थोडंफार कळायचं. त्याने कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याला सुरुंगावरून काढून गेटवर चौकीदार म्हणून बसवलं असतं. पुढे निवृत्त झाल्यावर सांगता आलं असतं, पण तोवर लपवायची सवय हाडात मुरली होती. आणि त्याला लाज वाटायची. मला कधीच कळलं नाही कसली लाज, पण वाटायची.

तो ओठ वाचायचा. तुझ्या मिश्यांमुळे तुझे वाचता येत नसत. गाडी तो आधीही चालवायचा, पण ७९ नंतर हट्टाने, म्हणजे मी उजव्या, ऐकू येणाऱ्या कानाकडे बसेन. चर्चमध्ये मी कोपराने ढोसलं की उभा राहायचा. रेंजवर तू 'तयार' म्हणतोस ते त्याला ऐकू यायचं नाही, पण तू हात वर करतोस ते दिसायचं. आणि दिवा तर दिवाच आहे, तो बघायला कान लागत नाहीत. लोक पाठीमागून टोमणे मारायचे, हॉइट तर तोंडाला येईल ते बोलायचा, आणि लेलंड ढिम्म. तुम्ही म्हणालात, काय मगरूर माणूस, दगड आहे दगड. त्याला ते नाव फार आवडलं. घरी येऊन म्हणाला, बरं झालं, आता कोणी उत्तराची वाट बघणार नाही.

आता स्टुलाचं ऐक. ते त्याने ८५ मध्ये क्लब निघाला तेव्हा माझ्यासाठी केलं. महिनाभर खपत होता. मी बसले आणि ते कुरकुरलं. तो समोर उभा, हातात पॉलिशचं फडकं, विचारतोय, कसं झालंय? मी म्हटलं, फक्कड. ज्याला ऐकूच येत नाही त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की तुझं स्टूल कुरकुरतं? बारा वर्षं मी ती कुरकूर ऐकली. तेल घातलं असतं तर त्याने विचारलं असतं, कशाला घालतेस. तुम्ही पाच गाढवं तिच्या जोरावर पिस्तूल उपसताय हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तेल घातलं असतं.

तेव्हा तुझा न्याय तूच कर. सगळ्या क्लबमध्ये एकाच माणसाला स्टूल ऐकू येत नव्हतं, आणि अकरा ओळी त्याच्याच आहेत.

कोणाला सांगू नकोस. हॉइटला तर मुळीच नको, तो वस्तरा हातात धरून सगळ्यांना सांगेल.

वांडा


सॉल्टर्स वेल
२० जुलै १९९७

प्रिय वांडा,

पत्र २ तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला. तब्येत ठीक आहे. मिरवणूक झाली. शिडी काढली नाही.

मी तीन आठवडे एकच हिशेब करतोय आणि तो दर वेळी तसाच सुटतो. मला कुरकूर ऐकू येत होती, त्याला नव्हती, आणि तरी मी अकरा वेळा हरलो. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. अजून एक आहे, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

१९८८. अंतिम फेरी, दोन-दोन बरोबरी, शेवटची गोळी. स्टूल कुरकुरलं, माझा खांदा हलला, दिवा लागला, आणि माझा हात पिस्तुलावर पोचेपर्यंत त्याची ताटली वाजली होती. मी हात वर केला आणि पंचाला म्हटलं की दगडाचा हात दिव्याआधी हलला. मला तेव्हा खरंच तसं वाटलं. कुरकूर ऐकूनही मी मागे पडतो म्हणजे समोरच्याने लबाडी केलीच असणार, असं माझ्या डोक्याने धरलं. मी चिटणीस, पंचाने माझं ऐकलं. लेलंडने पिस्तूल ठेवलं आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं. विजेत्याचं पट्ट्याचं बक्कल मला मिळालं.

घरी येईतो मला कळून चुकलं होतं की त्याचा हात हलला नव्हता. हललेला मी होतो. पुढच्या शनिवारी मी तुमच्याकडे आलो. तो अंगणात ट्रकच्या बॉनेटखाली वाकला होता. मी त्याच्या मागे उभा राहिलो, टोपी काढली, आणि म्हटलं, "लेलंड, माझी चूक झाली. तुझा हात हलला नव्हता. बक्कल तुझं आहे." बक्कल माझ्या खिशात होतं. ही वाक्यं मी गाडीत घोकून आलो होतो. त्याने मान वळवली नाही. पाना फिरवत राहिला. मी तिथे किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मग टोपी घातली आणि निघून आलो. गाडीत बसल्यावर ठरवलं की या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही.

नऊ वर्षं नाही बोललो. मयतीलाही कोपऱ्यात उभा होतो.

मला फार वाईट वाटतंय, वांडा. याहून नीट लिहिता येत नाही.

डेल्बर्ट


यूमा
२६ जुलै १९९७

प्रिय डेल्बर्ट,

तुझं पत्र मी डार्लाच्या मऊ खुर्चीत वाचलं आणि मग उठताच येईना.

मला तो शनिवार आठवतो. तो हात पुसत आत आला आणि म्हणाला, "ट्रकच्या काचेत तुझा भाऊ दिसला. मी वळेपर्यंत गाडीत बसून निघालासुद्धा. एक शब्द बोलला नाही. त्या हात हलल्याच्या भानगडीचा एवढा राग का धरलाय त्याने?" मी म्हटलं, जाऊन विचार. तो म्हणाला, विचारलं आणि उत्तर मला कळलं नाही तर?

झालं ते झालं. मलाही तेव्हा दोघांची टाळकी एकमेकांवर आपटता आली असती, मी बटाटे वाढत बसले.

पण त्याच्या ओळी राहिल्या पाहिजेत. त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. कडू गोळीला काय सांगणार आहेस? शब्द मोडल्याशिवाय?

वांडा


सॉल्टर्स वेल
८ सप्टेंबर १९९७

प्रिय वांडा,

स्पर्धा पार पडली. अहवाल देतो.

एकूण एकोणीस जणांनी नावं दिली. सोमवारी सकाळी ऊन कडक होतं, वारा नव्हता. मी सगळ्यांना एकत्र बोलावून जाहीर केलं की सुरक्षेचा नवा नियम लागू झालाय. डोळ्यांना चष्मा तर आहेच, आता कानही बंद करायचे. हॉइट म्हणाला, "मेणाच्या गोळीला? तिच्या आवाजाने माझं मांजरसुद्धा उठत नाही." मी त्याला रेंजवरच्या नावाने म्हटलं, कोयोट, नियम म्हणजे नियम. गोळ्यांच्याच मेणाचा ठोकळा आणला होता. प्रत्येकाने सुपारीएवढं मेण घेतलं, मळलं आणि दोन्ही कानांत भरलं. हॉइटचं मी स्वतः तपासलं. कान मोठे आहेत, दोनदा भरावं लागलं.

मिसेस ऑटना तुझ्या स्टुलावर बसवलं. तेल घातलेलं नाही. बाई झुकल्या की ते कुरकुरत होतं, आणि ते ऐकणारं त्या सबंध शेडमध्ये मिसेस ऑट सोडून कोणी नव्हतं. 'तयार' म्हणून मी ओरडत होतो, पण ते सवयीने. सगळे माझ्या हाताकडे बघत होते, जसा तो बघायचा. कडू गोळीला पहिल्या फेरीतच सगळं समजलं असावं. ती माझ्याकडे बघून हसली आणि काही विचारलं नाही. पोरगी वाटते तितकी कडू नाही.

आता आकडे. हॉइट अडुसष्ट. मी एकाहत्तर, दुसऱ्या फेरीत दोन पराभव होऊन बाहेर. दिव्याकडे बघत उभं राहायचं, आणि ना आवाज, ना अंदाज, काही नाही. एकटाच माणूस आणि दिवा. मी पुरा गोठलो. बारा वर्षं तो माणूस असा उभा राहायचा. कडू गोळी जिंकली. दिवसभरातला तिचा सगळ्यात चांगला आकडा एक्कावन्न. बक्कल घेताना तिने पाटीकडे बघितलं आणि कानातलं मेण काढत विचारलं, "आणि यांचा आकडा अडतीस? असा, कान बंद करून?" मी म्हटलं, "असाच." मी शब्द मोडलेला नाही. तिने टोपी काढली. ब्रॅकेटच्या बाकीच्यांनीही काढली, त्यांना का ते कळलं नसेल.

मंगळवारी सकाळी मी शिडीवर चढलो आणि १९८८ च्या ओळीतलं माझं नाव खरवडून काढलं. खाली उतरतोय तर हॉइट दारात. म्हणाला, खरवडणी झाली असेल तर दे. त्याच्या दुकानात त्याचा पंचेचाळीसचा आकडा लावलेला होता ना फळीवर, आरशाच्या बाजूला. खरवडणी नेऊन त्याने तो काढला. संध्याकाळपर्यंत बाकीचे तिघंही एकेक करून मागायला आले.

१९८८ च्या ओळीवर मी काल लेलंडचं नाव घातलं. आता बाराही त्याच्याच आहेत. ब्रश तोच वापरला, रंग थोडा निराळा आलाय, चालेल.

तिथून दफनभूमीत गेलो. बक्कल नेलं होतं. टोपी काढली आणि ८८ मध्ये जी तीन वाक्यं पाठीमागून बोललो होतो तीच पुन्हा बोललो, दगडाजवळ वाकून, मोठ्याने. शेजारी मिसेस ऑट नवऱ्याच्या थडग्यावर फुलं ठेवत होत्या, त्यांना ऐकू गेलं असणार. जाऊ दे. बक्कल तिथेच मातीत पुरलं.

स्टूल गॅरेजमध्ये जागेवर ठेवलंय.

तुझा भाऊ,
डेल्बर्ट


यूमा
१३ सप्टेंबर १९९७

प्रिय डेल्बर्ट,

पत्र दोनदा वाचलं. डार्लाने विचारलं, काय झालं आई, मी म्हटलं, मामाच्या स्पर्धेचा अहवाल आहे. ती म्हणाली, अहवालाला एवढं रडतात का? मी म्हटलं, चांगला लिहिला असेल तर.

ऑक्टोबरमध्ये येतेय. गाडी मी चालवणार. टपालपेटी आत घेऊन ठेव.

एकच विचारायचं राहिलं. तू कुठल्या बाजूने बोललास? त्याचा डावा कान पूर्ण गेलेला होता.

वांडा


[पोस्टकार्ड]

सॉल्टर्स वेल
१८ सप्टेंबर

वांडा,

डावीकडून. (माणूस उताणा आहे असं धरून.)

आज परत जाऊन आलो.

डेल्बर्ट